जोड: वणीच्या जत्रेपासून पडद्यावरच्या पत्त्यांपर्यंत

मराठीत ‘जोड’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या नात्यांसाठी वापरला जातो. एका जुवाखाली मान देऊन एकाच दिशेने चालणाऱ्या दोन बैलांना जोड म्हणतात, आणि एकमेकांना चीत करण्यासाठी आखाड्यात समोरासमोर उभ्या राहणाऱ्या दोन मल्लांनाही जोडच म्हणतात. सहकाऱ्यांना आणि प्रतिस्पर्ध्यांना भाषेने एकच नाव दिले, कारण दोन्हीकडे कस लागतो तो बरोबरीचा: जुवाखालचा एक बैल कमी ताकदीचा असला तर तास वाकडे जाते, आणि आखाड्यातला एक मल्ल कमी पडला तर कुस्ती सुरू होण्याआधीच संपल्यासारखी होते. ही बरोबरी कशावरून ठरवायची, ती कोणी ठरवायची आणि ठरवणाऱ्यावर विश्वास का ठेवायचा, हे तीन प्रश्न खेळांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा उभे राहिले आहेत. आज संगणकावर किंवा मोबाइलवर पत्ते खेळणाऱ्या कोट्यवधी माणसांसमोर अनोळखी प्रतिस्पर्धी आणून बसवणारी जी यंत्रणा ‘मॅचमेकिंग’ या नावाने ओळखली जाते, तीही याच तीन प्रश्नांचे एक उत्तर आहे. ते उत्तर नीट समजून घ्यायचे तर त्याची जुनी रूपे आधी पाहावी लागतात, आणि यवतमाळ जिल्ह्यातील वणीसारख्या जत्रेच्या व बैलबाजाराच्या गावाच्या परिसरात ती रूपे एकमेकांशेजारी नांदलेली दिसतात.

निर्गुडा नदीकाठचे वणी हे वऱ्हाडाच्या पूर्व कडेवरचे गाव असून वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो. १८५३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला, १८६४ मध्ये या भागाचा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला, आणि पुढे १९०५ पर्यंत तो जिल्हा ‘वून’ म्हणजे वणी याच नावाने ओळखला जात होता. मुख्यालय यवतमाळला असूनही जिल्ह्याला नाव मिळाले ते वणीचे. काळ्या जमिनीतला कापूस ही या मुलखाची जुनी ओळख, दगडी कोळसा ही नंतरची. रंगनाथस्वामींचे मंदिर, त्यांची जत्रा आणि जत्रेला धरून भरणारा बैलबाजार यांनी मात्र या दोन्ही काळांत गावाला आसपासच्या खेड्यांशी बांधून ठेवले. बैलबाजारात पारख ही रोजची गरज असते. घेणारा बैलाचे दात पाहून तो आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला हे ओळखतो, खांदा आणि खूर पाहतो, चार पावले चालवून चाल पाहतो, आणि घरच्या बैलाला हा बैल जोड म्हणून चालेल का याचा अंदाज बांधतो. दोन जिवांची ताकद नजरेने तोलण्याची ही सवय शेतीच्या व्यवहारातून घडली, आणि जत्रेतले खेळ याच सवयीवर उभे राहिले.

या खेळांतला पहिला म्हणजे कुस्ती. विदर्भात जत्रेनिमित्त होणाऱ्या खुल्या कुस्त्यांना ‘आम दंगल’ म्हणतात; आम म्हणजे सर्वांसाठी खुली. अशा दंगलीत फार थोड्या कुस्त्या आधी ठरलेल्या असत. नामांकित मल्लांच्या जोडी आगाऊ जाहीर होत, पण बाकीच्या जोडी मैदानातच लागत. इच्छुक मल्ल आखाड्याभोवती फेरी मारीत, पंच त्यातल्या दोघांना खांद्याला खांदा लावून उभे करीत, उंची, मान आणि दंड पाहत, कोण कोणत्या तालमीचा आणि कोणत्या वस्तादाचा हे विचारून घेत आणि मग बक्षीस बोलत. आरंभ रेवड्यांवर किंवा नारळावर लढणाऱ्या पोरांच्या कुस्त्यांनी होई आणि शेवट सर्वांत मोठ्या इनामाच्या कुस्तीने होई, त्यामुळे कुस्त्यांचा क्रम हीच मल्लांची चढती प्रतवारी ठरे. पंचांचा निर्णय अखेरचा असला तरी तो उघड्यावर दिलेला असे. जोड विषम आहे असे लोकांना वाटले तर गर्दीतून आवाज उठे, एखादा वस्ताद आपल्या पठ्ठ्याला मागे घेई आणि पंचांना दुसरा गडी शोधावा लागे. जोड लावण्याचे हे काम डोळ्यांनी होत असे, आणि ते हजारो डोळ्यांसमोर होत असे.

नजरेच्या या पारखीला पहिला मोठा पर्याय मिळाला तो वजनकाट्याचा. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये कुस्तीला वजनाची कोणतीही अट नव्हती, तर १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मल्ल वजनगटांत विभागले गेले. वजनगट म्हणजे ठरावीक वजनाच्या मर्यादेत बसणाऱ्यांनीच आपसांत लढण्याची व्यवस्था. तिचे मोल महाराष्ट्राला १९५२ मध्ये उमगले, कारण हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव ५७ किलो वजनाच्या बँटमवेट गटात लढले होते. वजनगट नसते तर त्यांच्या चपळाईला जगाच्या मैदानावर बरोबरीचा प्रतिस्पर्धीच मिळाला नसता. त्याच काळात राज्यातही संघटित स्पर्धांची घडी बसत गेली. १९६१ पासून महाराष्ट्र केसरी हा किताब दिला जाऊ लागला, आणि त्या स्पर्धेत माती विभागाचा विजेता आणि गादी म्हणजे मॅट विभागाचा विजेता यांच्यात अंतिम कुस्ती लावण्याची पद्धत रूढ झाली. वजनकाट्याने पंचांच्या हातून थोडा अधिकार काढून घेतला आणि त्या बदल्यात मल्लांना एक हक्क दिला, कारण आकडा कोणालाही स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहता येत होता.

विदर्भातला दुसरा खेळ म्हणजे शंकरपट. सरळ धावपट्टीवर हलक्या छकड्याला जुंपलेली बैलजोडी पळवण्याच्या या शर्यतीत जोडी हाकणाऱ्याला ‘धुरकरी’ म्हणतात. काही पटांत एक एक जोडी सोडून घड्याळावर वेळ मोजतात आणि सर्वांत कमी वेळ घेणारी जोडी जिंकते. काही पटांत दोन समांतर धावपट्ट्यांवर दोन जोड्या एकदम सुटतात, आणि तिथे कोणासमोर कोण हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील पट या परंपरेतला विशेष नावाजलेला आहे. कुस्तीपेक्षा पटाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा, कारण इथे स्पर्धा केवळ माणसाची नसते. धुरकऱ्याचे कसब आणि बैलांचा वेग मिळून निकाल लागतो, आणि चांगला बैल पैशाने विकत घेता येतो. दूरदूरच्या पटांतून बक्षिसे मिळवणाऱ्या महागड्या जोडीपुढे सकाळी शेतात राबलेली गावातली जोडी उभी केली तर धुरकरी कितीही कसबी असला तरी निकाल ठरलेलाच असतो. म्हणून आयोजकांनी जोड्यांचे गट पाडले: नावाजलेल्या जोड्यांचा वरचा गट, त्याखालचे गट आणि स्थानिक शेतकऱ्यांच्या बैलांसाठी वेगळा गावगट. या विभागणीमागचे तत्त्व स्पष्ट आहे: जिथे साधनाचा वाटा मोठा असतो तिथे माणसाबरोबर साधनही तोलून घ्यावे लागते.

पटाची ही परंपरा मध्यंतरी खंडित झाली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांच्या छळाच्या मुद्द्यावर बैलगाडा शर्यतींना मनाई केली, २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करूनही न्यायालयीन अडथळे कायम राहिले, १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. त्यानंतर यवतमाळ जिल्ह्यासह विदर्भात पट पुन्हा भरू लागले. या निवाड्यांनी खेळाच्या न्यायाची व्याप्ती वाढवली, ही त्यांची लक्षात ठेवण्यासारखी देणगी आहे: बरोबरीची जोड लावणे पुरेसे नाही, जे जीव पणाला लागतात त्यांच्या वेदनेचा विचारही नियमांत असला पाहिजे, हे आता आयोजकांना मान्य करावे लागते.

तिसरे रूप शब्दांच्या आखाड्यातले आहे. विदर्भाच्या खडी गंमतीत आणि शाहिरीत कलगी आणि तुरा असे दोन पक्ष असतात. कलगीवाले शक्तीचे म्हणजे प्रकृतीचे श्रेष्ठत्व मांडतात, तुरेवाले शिवाचे म्हणजे पुरुषतत्त्वाचे. सवाल-जवाबाचा सामना लावायचा तर दोन्ही फड तोलामोलाचे असावे लागतातच, शिवाय एक कलगीचा आणि दुसरा तुऱ्याचा असावा लागतो, कारण एकाच पक्षाचे दोन शाहीर समोरासमोर बसवले तर विवादाला विषयच उरत नाही. म्हणजे कुस्तीत माणूस तोलला गेला, पटात साधन तोलले गेले आणि कलगी-तुऱ्यात प्रकार पाहिला गेला. या परिसराच्या लोकजीवनाने जोड लावण्याची ही तीन परिमाणे वेगवेगळ्या मैदानांत घडवली, आणि पडद्यावरच्या एका नव्या खेळात ती तिन्ही एकत्र आली.

पत्त्यांचा जुना खेळ या प्रश्नापासून बराचसा मुक्त होता. ५२ पानांचा कॅट सर्वांचा सामाईक असतो, तो पिसून वाटला जातो, आणि कोणाला हुकूम आला नाही तरी पुढच्या डावात येण्याची संधी सर्वांना सारखीच असते. सावंतवाडीच्या गंजिफात दहा अवतारांची मिळून १२० गोल पाने असतात, तरी तिथेही संच एकच असतो. हे गृहीत १९९३ मध्ये मोडले. त्या वर्षी रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ अमेरिकेच्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने बाजारात आणला, आणि त्यातून संग्राह्य पत्त्यांचा खेळ हा नवा प्रकार जन्माला आला. या खेळात प्रत्येक खेळाडू बंद पाकिटे विकत घेऊन, देवाणघेवाण करून पत्ते जमवतो आणि त्यांतून निवडलेल्या पत्त्यांची स्वतःची गड्डी रचतो. तिला ‘डेक’ म्हणतात. दुर्मीळ पत्ते महाग असतात आणि त्यांतले अनेक पत्ते सामन्यात प्रभावीही असतात. त्यामुळे या खेळाडूची स्थिती धुरकऱ्यासारखी होते: कसब त्याचे असते, पण पळायचे असते ते त्याने आणलेल्या बैलांनी.

असे खेळाडू एका दुकानात किंवा सभागृहात जमत तोवर जोड लावणे अवघड नव्हते. त्यासाठी बुद्धिबळातून आलेली ‘स्विस’ पद्धत उपयोगी पडली. १८९५ मध्ये झुरिच येथील स्पर्धेत प्रथम वापरल्यामुळे ते नाव मिळालेल्या या पद्धतीत कोणी बाद होत नाही. प्रत्येक फेरीनंतर सारखे गुण असणाऱ्यांना समोरासमोर आणले जाते आणि एकदा लढलेल्यांची पुन्हा गाठ पडू दिली जात नाही. जिंकणारे जिंकणाऱ्यांसमोर आणि हरणारे हरणाऱ्यांसमोर येत जातात, त्यामुळे फेऱ्या वाढतील तशा जोडी आपोआप बरोबरीच्या होत जातात. परंतु ही बरोबरी एका स्पर्धेपुरतीच टिकते. दूर अंतरावरच्या, पूर्वी कधीही समोरासमोर न आलेल्या दोघांची ताकद तोलायची तर टिकाऊ आकडा हवा होता.

तो आकडा अर्पाद एलो यांनी दिला. १९०३ मध्ये हंगेरीत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झालेले एलो स्वतः बुद्धिबळपटू होते; त्यांची पद्धत अमेरिकी बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. या पद्धतीत प्रत्येक खेळाडूला एक मानांकन असते आणि दोघांच्या मानांकनांतील फरकावरून अपेक्षित निकाल काढला जातो. फरक शून्य असेल तर दोघांना अर्धी अर्धी संधी, २०० असेल तर वरच्याला शंभरातले सुमारे ७६ गुण, आणि ४०० असेल तर सुमारे ९१ गुण मिळतील असे गणित सांगते. प्रत्यक्ष निकाल अपेक्षेपेक्षा चांगला लागला तर मानांकन वाढते, वाईट लागला तर घटते, आणि निकाल जितका अनपेक्षित तितका बदल मोठा असतो. पुढे १९९५ मध्ये मार्क ग्लिकमन यांनी या आकड्याला खात्रीच्या मापाची जोड दिली: बराच काळ न खेळलेल्या किंवा नुकत्याच आलेल्या खेळाडूचे मानांकन कमी खात्रीचे मानून ते भराभर बदलू द्यायचे. वर्षभर मैदानात न दिसलेल्या मल्लाविषयी पंचांच्या मनात असणारी शंकाच इथे गणितात उतरली. आकडा हा अंदाज असतो, निकाल नव्हे, हेही विदर्भाने अलीकडेच पाहिले; जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत नागपूरच्या दिव्या देशमुखने आपल्याहून वरचे मानांकन असलेल्या कोनेरू हंपीला हरवले.

संग्राह्य पत्ते पडद्यावर आले तेव्हा ही सर्व सामग्री तयार होती. मॅजिकची ऑनलाइन आवृत्ती २००२ मध्ये आली, ब्लिझार्ड कंपनीचा ‘हार्थस्टोन’ मार्च २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ‘मॅजिक अरिना’ २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात खुला झाला. या खेळांत खेळाडू एक कळ दाबतो आणि अदृश्य रांगेत उभा राहतो. काही सेकंदांत यंत्रणा त्याच रांगेतला दुसरा कोणी निवडून समोर बसवते. निवडीचा एक आधार दिसणारा असतो. हार्थस्टोनमध्ये सुरुवातीला २५ पासून १ पर्यंत चढत जाणाऱ्या पायऱ्या होत्या आणि त्यापलीकडे ‘लेजंड’ ही सर्वोच्च श्रेणी होती. एप्रिल २०२० मध्ये त्यांच्या जागी कांस्य, रौप्य, सुवर्ण, प्लॅटिनम आणि हिरा असे पाच गट, प्रत्येकी दहा पायऱ्यांचे, आले. दुसरा आधार न दिसणारा असतो: प्रत्येकाच्या नावावर एलोच्या वंशातले एक छुपे मानांकन साठत जाते, आणि अनेकदा दिसणाऱ्या पायरीपेक्षा तेच निर्णायक ठरते. पुरवलेल्या पत्त्यांतून डेक रचण्याच्या स्पर्धेत मात्र स्विस पद्धतीची छाया दिसते, कारण तिथे सारखे विजय असणाऱ्यांची गाठ घालण्यावर भर असतो.

साधन तोलण्याचा पटाचा प्रश्नही इथे सुटलेला नाही. मॅजिक अरिनाच्या मानांकित रांगेत खेळाडूची पायरी आणि छुपे मानांकन पाहिले जाते, परंतु हलक्याफुलक्या खेळासाठी असलेल्या साध्या रांगेत डेकची ताकदही मोजून सारख्या वजनाचे डेक समोरासमोर आणले जातात. गावगट आणि वरचा गट यांची ही नवी विभागणी आहे. प्रकाराचा प्रश्न त्याहून कठीण. वेगाने हल्ला करणारे, दीर्घकाळ बचाव करून शेवटी जिंकणारे आणि ठरावीक पत्त्यांच्या संयोगावर विसंबणारे असे डेकचे प्रकार असतात, आणि दगड-कागद-कात्रीप्रमाणे एक प्रकार दुसऱ्यावर भारी पडतो. दोघांचे मानांकन सारखे असूनही डाव एकतर्फी होऊ शकतो तो यामुळे. शिवाय वेळ ही चौथी बाजू आहे. रांगेत हजारो खेळाडू असतील तर जवळचा जोडीदार लगेच सापडतो. मध्यरात्री किंवा अगदी वरच्या श्रेणीत माणसे थोडी असतात, तेव्हा एक तर वाट पाहावी लागते किंवा मानांकनाचा फरक वाढू द्यावा लागतो. पूर्ण बरोबरी आणि ताबडतोब खेळ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत, हा या यंत्रणेचा मूळ पेच आहे.

तथापि सर्वांत गंभीर फरक गणितात नसून जोड लावणाऱ्याच्या हेतूत आहे. जत्रेतल्या पंचांना कुस्ती रंगावी एवढेच हवे असे, कारण जत्रेची शोभा त्यावर अवलंबून होती. खेळ चालवणाऱ्या कंपनीला मात्र खेळाडूने परत यावे आणि पाकिटे घ्यावीत हेही हवे असते. २०१७ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीच्या आणि अमेरिकी विद्यापीठांच्या संशोधकांनी मांडलेल्या एका निबंधात, बरोबरीची जोड लावण्याऐवजी खेळाडू खेळ सोडून जाण्याची शक्यता कमी करणारी जोड लावावी, असा उघड विचार होता. त्याच वर्षी ॲक्टिव्हिजन कंपनीला अमेरिकेत असे पेटंट मिळाले, ज्यात खरेदीला प्रवृत्त होईल अशा रीतीने प्रतिस्पर्धी निवडण्याची कल्पना होती. ती कोणत्याही खेळात वापरलेली नाही, असे कंपनीने सांगितले. २०२२ मध्ये आलेल्या ‘मार्व्हल स्नॅप’ या पत्त्यांच्या खेळात माणसासारखी नावे धारण केलेले संगणकी खेळाडूही समोर येतात. विजय हवाहवासा वाटावा म्हणून दिलेला असा सोपा विजय नुऱ्या कुस्तीपेक्षा, म्हणजे आतून ठरवून लढलेल्या कुस्तीपेक्षा, फारसा वेगळा नाही. फरक एवढाच की नुरा कुस्ती गर्दीच्या नजरेतून निसटणे अवघड होते, आणि पडद्यासमोर गर्दीच नसते. आपल्याला मुद्दाम आपल्या डेकला भारी पडणारे डेक समोर दिले जातात, असा संशय जगभरचे खेळाडू सतत व्यक्त करतात. तो बहुधा निराधार असतो, कारण पराभव विजयापेक्षा अधिक काळ लक्षात राहतो. पण निराधार संशयही दूर करता येत नाही, कारण निवडीचे कारण कोणालाच दाखवले जात नाही.

या इतिहासात अचूकता सतत वाढत गेली आणि दृश्यता मात्र एका टप्प्यानंतर घटत गेली. पंचांची नजर चुकत असे, पण ती चूक सर्वांना दिसत असे. वजनकाटा नजरेपेक्षा अचूक होता आणि तितकाच उघडही होता. एलोचे मानांकन अचूक होते, छापील यादीत उघड होते, आणि त्याचे गणित कोणाही विद्यार्थ्याला कागदावर करून पाहता येत होते. छुपे मानांकन या सर्वांपेक्षा अचूक असू शकते, आणि तरीही त्याच्याकडे दाद मागण्याची सोय नाही. वणीच्या मुलखातल्या एखाद्या तरुणाने संध्याकाळी मोबाइलवर डाव मांडला तर त्याच्यासमोर जगाच्या दुसऱ्या टोकाचा खेळाडू येतो. ही सोय त्याच्या आजोबांच्या पिढीला स्वप्नातही सुचली नसती आणि तिचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु त्या आजोबांना दंगलीत जो अधिकार होता तो या तरुणाला उरलेला नाही. जोड विषम वाटली तर ते उभे राहून तसे म्हणू शकत होते, आणि पंचांना ते ऐकून सर्वांसमोर उत्तर द्यावे लागत होते. बैलाचे दात पाहिल्याशिवाय सौदा न करणाऱ्या या मुलखाने जोडीची पारख उघड्यावर करण्याचा रिवाज घालून दिला, आणि नव्या यंत्रणांनी जुन्या जत्रेकडून पहिल्यांदा शिकण्यासारखा आहे तो हाच.